गाडी तीच, मग जोर कुठे गेला?

या महिन्याच्या टपालात टर्बो गाड्यांची, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाड्यांची पत्रं जास्त आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या. मला याचा मनापासून आनंद आहे. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण जुनी टर्बो गाडी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच वळणावर येऊन उभा राहतो.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहतो. दिवाळीनंतर बडोद्याच्या एका गृहस्थांकडून २००६ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली. १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअर, १ लाख १८ हजार किलोमीटर. तिथे चालवून पाहिली तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटत होती. इंदूरला आणल्यावर दोन-तीन महिन्यांत ती मजा गेली. गाडी कुंथते, पूर्ण दाबली की मध्येच झटके देते. एक मिस्त्री म्हणतो इंदूर उंचावर आहे म्हणून असं होतं. दुसरा म्हणतो टर्बो गेला, मोठा बसवा आणि रीमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदला, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर मिळेल. गाडी जोरदार करायची माझीही इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : गाडी छान निवडलीत. २००४मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा टर्बो पेट्रोल कार ही चीज इथे नवीच होती. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घेणारे आणि दोन धूर बाहेर टाकणारे, असं हे २० व्हॉल्व्हचं इंजिन. आता रस्त्यावर थोड्याच उरल्या आहेत, म्हणून तुमची गाडी नीट राहावी असं मला फार वाटतं.

आधी उंचीचा मुद्दा निकालात काढू. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, बडोदे जवळजवळ समुद्रपातळीलाच. तिथे हवेचा दाब १००० मिलिबारच्या थोडा वर, इथे ९५०च्या आसपास. फरक सहा टक्क्यांच्या घरात. साध्या इंजिनाचा जोर तेवढा कमी होतो, पण तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर टर्बोकडे ठरावीक एकूण दाब मागतो. बाहेरची हवा थोडी विरळ असली तर टर्बो थोडा जास्त फिरतो आणि भरपाई करतो. गाडी ढिली वाटण्याइतका परिणाम उंचीने होत नाही.

टर्बो गेला असेल तर तो लपून राहत नाही. एक्झॉस्टमधून निळा धूर येतो, टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारे पाइप तेलाने भरतात, शिट्टीसारखा किंवा घासल्यासारखा आवाज येतो. इंजिन थंड असताना इनलेटचा रबरी पाइप काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहा. आडवा किंचित हलला तर चालतो, तो तेलाच्या थरावर तरंगण्यासाठीच बनवलेला असतो. पण आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती भिंतीला टेकत असतील तर टर्बो उघडावा लागेल. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. माझा संशय हवेच्या गळतीवर आहे, आणि झटक्यांसाठी प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलवर.

वीस वर्षांत बॉनेटखालचं रबर कडक होऊन तडकतं. मूळ सेटिंगला हे इंजिन अर्धा बार किंवा थोडा अधिक बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, करतं. एवढा दाब पाइपात उभा राहिला की गाडी चालत नसताना न दिसणारी चीर उघडते आणि मोजलेली हवा बाहेर जाते. फुटक्या फुंकणीने चूल पेटत नाही, तसं हे आहे. गळती शोधायचं साधन घरी बनतं. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून पाइपाच्या तोंडाला घट्ट बसेल असं पीव्हीसीचं बूच घ्या, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात ते क्लिपने आवळा आणि पंपाने हळूहळू हवा भरा. अर्धा बार पुरे, ०.७च्या वर जाऊ नका, नाहीतर सील निघतील. मग साबणाचं पाणी सगळीकडे लावा. इंटरकूलरचे दोन्ही जोड, थ्रॉटलजवळचा पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेल्या क्रँककेस ब्रीदरच्या नळ्या विशेष पाहा. या नळ्या हाताने दाबल्या तरी चुरा होतात, आणि त्या खाली असल्यामुळे बहुतेक मिस्त्री तिथपर्यंत पोचतच नाहीत.

डायव्हर्टर व्हॉल्व्हही तपासा. थ्रॉटल सोडल्यावर अडलेली हवा टर्बोच्या तोंडाकडे परत नेणारी ही लहान डबी. आतला रबरी पडदा फाटला की बूस्ट आतल्या आत फिरत राहतो. हातपंपाने तिच्या वरच्या टोकाला निर्वात लावा. काटा स्थिर राहिला तर पडदा शाबूत. स्वस्तातला सुटा भाग आहे, पण याच्या दोषापायी लोकांनी टर्बो बदललेले मी पाहिले आहेत.

आता झटके. या पिढीतल्या फोक्सवॅगन समूहाच्या कॉइल्स बदनाम आहेत, परदेशात त्या कंपनीने परत मागवून बदलून दिल्या होत्या. जास्त बूस्टमध्ये ठिणगीवर ताण येतो, म्हणून हलक्या पायाने गाडी ठीक वाटते आणि दाबली की अडखळते. स्कॅनरने कोणता सिलिंडर चुकतो ते पाहा, त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. चूक कॉइलबरोबर गेली तर कॉइल दोषी, जागेवरच राहिली तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. प्लगचं अंतर ०.८ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका.

स्कॅनर म्हणजे दोषाचे कोड वाचून पुसणारा नव्हे. या गाड्यांसाठी व्हीसीडीएस नावाचा प्रोग्रॅम आणि केबल मिळते, ती चालवणारा माणूस शोधा. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत मेजरिंग ब्लॉक ११५, म्हणजे कॉम्प्युटरमधलं दाबाच्या आकड्यांचं पान, उघडा. प्रत्यक्ष दाब इंदुरात ९५० मिलिबारच्या आसपास दिसायला हवा. तसा नसेल तर सेन्सरच चुकतो आहे, पुढची मोजणी व्यर्थ. मग शक्यतो डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून जोर मोजायच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल द्या आणि मागितलेला दाब व मिळालेला दाब शेजारी-शेजारी नोंदवा. डायनो जमला नाही तर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेत, आणि लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर. सुपर कॉरिडॉरवर रात्री ज्या शर्यती चालतात त्यात तुम्ही पडू नये ही माझी विनंती आहे. मागितलेला दाब १५५० आणि मिळतो १३००, असं दिसलं की गळती, डायव्हर्टर, वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) किंवा एन७५ नावाचा बूस्ट नियंत्रक व्हॉल्व्ह, यांपैकी कुठेतरी दोषाचं घर आहे. दोन्ही आकडे कमी असतील तर कॉम्प्युटरनेच मागणी कमी केली आहे, तेव्हा कोड वाचा. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर पूर्ण जोरात सेकंदाला साधारण १२० ग्रॅम दाखवतो. ८०-९०वरच थांबला तर तो मळला आहे किंवा संपला आहे. तेल लावायचे कापडी फिल्टर बसवलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं.

मी पीथमपूरला इंजिनाच्या टेस्ट सेलमध्ये बरीच वर्षं काम केलं. तिथे आकडा आल्याशिवाय पाना उचलायचा नाही हा नियम होता. वर्कशॉपमध्ये आजही मी तोच पाळते, आणि तुमच्या मिस्त्र्यानेही पाळावा असा आग्रह धरा.

जोर वाढवण्याच्या आधी दोन कामं टाळू नका. पहिलं टायमिंग बेल्टचं. आधीच्या मालकाकडे बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. किलोमीटर कमी असले तरी पट्टा वयाने थकतो. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि इथे व्हॉल्व्ह २० आहेत. पट्ट्याबरोबर टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर आणि वॉटर पंप, सगळं एकदमच बदला. मूळ पंपाचं पातं प्लास्टिकचं असतं, ते दांड्यावर सैल फिरायला लागलं की मे महिन्यात एबी रोडच्या सिग्नलवर काटा लाल पट्टीत जातो. दुसरं काम तेलाचं. या इंजिनात जुनं, जळकं तेल तळाशी चिखल होऊन बसतं आणि तेल ओढणाऱ्या नळीची जाळी बुजवतं. टर्बोची बेअरिंग आधी उपाशी मरते. ऑइल पॅन एकदा उतरवून जाळी स्वच्छ करून घ्या. नंतर दाब मोजा: गरम इंजिनाला २००० आरपीएमवर २ बारच्या खाली येता कामा नये. तेल ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० लिहिलेलं, आणि साडेसात हजार किलोमीटरला बदल. मालव्याची धूळ आणि शहरातली थांबत-थांबत चाल पाहता १५ हजारांची वाट पाहू नये.

हे सगळं झाल्यावर गाडी पुन्हा एक महिना चालवा. मला वाटतं, तुम्हाला हवा असलेला अर्धा जोर तेव्हाच परत मिळालेला असेल.

तरीही वाढवायचा असेल तर मूळ टर्बोवरच साधा रीमॅप करा. युरोपात याच नावाची गाडी १८० पीएसची (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) होती, आपल्याला १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, मिळाले. नीट प्रकृतीच्या इंजिनाला चांगला रीमॅप साधारण १८० ते १९०पर्यंत नेतो. त्यापुढे हा छोटा टर्बो हवा दाबण्यापेक्षा तापवतोच जास्त. इंटरकूलर पुढच्या उजव्या चाकाजवळच्या कोपऱ्यात, लहानसा. इंदूरच्या ४२ अंशांत त्याच्यातून आलेली हवा थंड कसली! निदान त्याची जाळी काढून धुऊन घ्या, पानं आणि माती भरलेली सापडेल. रीमॅपनंतर ब्लॉक २० पाहायचा. नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन आपोआप अवेळी पेटणं, जाणवला की कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचा टायमिंग किती मागे घेतो ते तिथे कळतं. सगळ्या सिलिंडरला सतत सहा-आठ अंश मागे जात असेल तर तो रीमॅप आपल्या पेट्रोलसाठी आणि आपल्या उन्हाळ्यासाठी नाही, कितीही मोठ्या नावाचा असो.

मोठ्या टर्बोला माझा स्पष्ट नकार आहे. ३५० न्यूटन मीटरच्या आसपास या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड वाकू लागतात. गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअलचं मोठं दातेरी चक्र रिव्हेटने बसवलेलं आहे. जास्त ताणाखाली रिव्हेट सुटून कवच फोडतात. म्हणजे टर्बोमागे रॉड, क्लच, गिअरबॉक्स, इंजेक्टर, इंटरकूलर, ब्रेक अशी रांग लागते, आणि मधलं एक जरी राहिलं तरी तेच तुटतं. तेवढ्या पैशांत ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चार उत्तम टायर घ्या. जाम गेटच्या वळणांवर तुम्हाला फरक कळेल, तो कुठल्याही हॉर्सपॉवरपेक्षा जास्त सुखाचा असतो.

एक कागदी गोष्ट. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. २००६ची गाडी म्हणजे २०२१मध्ये एकदा वाढवलेली असायला हवी, आणि ती मुदतही २०२६मध्ये संपते. आरसीवरची तारीख आजच बघा. गुजरातची एनओसी घेऊन नंबर इकडचा करून घ्यायचा आहे, दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवता येत नाही.

प्रश्न : लष्कर, ग्वाल्हेरहून लिहितोय. माझी २०११ची फियाट लिनिया टी-जेट आहे. वर्कशॉपवाल्याने इथल्या उन्हाळ्यासाठी २०डब्ल्यू-५० तेल सुचवलंय. आणि गाडी बंद करण्याआधी किती वेळ चालू ठेवावी? टर्बो टायमर बसवू का?

उत्तर : ते तेल घालू नका. बाहेर ४६ अंश असोत की २६, गरम इंजिनात तेल साधारण त्याच तापमानाला असतं, ते राखणं कूलिंगचं काम आहे. जाड तेल सकाळी पहिल्या काही सेकंदांत टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज नेमकी तेव्हाच होते. पुस्तिकेत लिहिलेलं ५डब्ल्यू-४० सिंथेटिकच ठेवा.

बंद करण्याबद्दल : जोरात चालवल्यावर टर्बोचं धुराकडचं चाक ९०० अंशांच्या घरात तापलेलं असतं आणि दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो. इंजिन तिथल्या तिथे बंद केलं की तेल थांबतं, उष्णता बेअरिंगकडे येते आणि तिथे अडकलेलं तेल करपून कोळसा होतं. तेल आणणारी बारीक नळी अशानेच बुजते. आग्रा रस्त्यावरून वेगात आलात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, वाडा-फाटकाशी मिनिटभर थांबा, पुरे. बाजारातून संथ आलात तर तेवढंही नको. टर्बो टायमर, म्हणजे किल्ली काढल्यावरही इंजिन काही वेळ चालू ठेवणारं यंत्र, मी कुणालाच सुचवत नाही. रिकामी गाडी किल्लीशिवाय चालू राहणं मला पटत नाही.

प्रश्न : मी देवासला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टर्बो इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचा फवारा मारतात, ही नवी कल्पना आहे का? कॉलेजच्या प्रकल्पासाठी घेऊ का?

उत्तर : नवी नाही रे बाळा, जुनी आहे. अमेरिकेत १९६२मध्ये ओल्ड्समोबाइलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती. द्रव बाष्प होताना हवा थंड करतो आणि नॉक टळतो. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कमी करायची, आणि मालक टाकी भरायला विसरायचे. पुष्कळ गाड्यांचे टर्बो नंतर काढूनच टाकले गेले. विषय जरूर घे, पण प्रकल्पाचा मुख्य भाग फवारा नसू दे. द्रव संपला, पंप बंद पडला, नोझल तुंबलं, तर इंजिन कसं वाचेल, ते तू बनव. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. प्रयोगशाळेबाहेर, सरांच्या गैरहजेरीत हात लावू नकोस.

प्रश्न : ताई, मी दांडिया बाजार, बडोद्याची. मला गाड्यांतलं काही कळत नाही. मुलाने साठवलेल्या पैशांतून जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली. आता तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि रीमॅप करायचा म्हणतो. घरात रोज वाद. त्याचं काय चुकतं आणि काय बरोबर, सांगाल का?

उत्तर : ताई, मुलाने स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली आणि ती समजून घ्यायला धडपडतोय, हे चांगलंच आहे. वाद दोन वेगळ्या गोष्टींचा आहे, त्या वेगळ्या करून बोला.

सायलेन्सरला तुमचा नकार योग्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मोजमापांपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आवाजासाठी लोक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात, म्हणजे विषारी धूर सरळ रस्त्यावर. ज्या गल्लीत शेजारची आजी दुपारी झोपते त्या गल्लीत हे करू नये, कायदा नसता तरीही.

रीमॅपचं थोडं बारकाईने बघावं लागेल. त्या गाडीचा मूळ जोर १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. सात गिअरच्या त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटरची. कागदावर अंतर दिसतं, पण त्यातले क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. मांडवीच्या गर्दीत इंच-इंच सरकताना ते तापतात आणि झिजतात. आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून त्याला सांगा, आधी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधली क्लचची नोंद वाचून आण. क्लच थकलेले निघाले तर रीमॅपचा विषय तिथेच संपतो. चांगले निघाले तर विमा कंपनीला लेखी कळवून मगच पुढचं बोल, कारण न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडकू शकतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली तर काय, हा प्रश्न त्याला तुम्हीच विचारा. आईने विचारलेला लागतो.

प्रश्न : टिळक नगर, इंदूर. माझीही जुनी १.८ टर्बो आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. इंजिन खराब होईल का?

उत्तर : टर्बोच्या बाजूने यात एक चांगली गोष्ट आहे : इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, नॉक कमी होतो. उलट बाजूला, लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी, तेव्हा अ‍ॅव्हरेज उतरेल. इंधन जास्त लागतं म्हणून मेजरिंग ब्लॉक ३२ मधला, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती वाढवतो ते दाखवणाऱ्या पानावरचा, दुसरा आकडा सात-आठ टक्के अधिक दिसला तर घाबरू नका, ते इथेनॉलचं. पहिला आकडा, म्हणजे आयडलचा, वाढलेला असेल तर मात्र हवेची गळती शोधा.

खरी काळजी रबराची आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या जुन्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घाला, फिल्टर बदला, आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर पुन्हा एकदा बदला, कारण टाकीतला जुना गाळ सुटून येतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका, काठोकाठ भरा, आणि पंधरवड्याने एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू न करता आधी नळ्या बघा.